सभासद क्रमांक ४१२

"सभासद क्रमांक चारशे बारा. पुष्पाबाई कौतिक पाटील. दोन जमा, दोन दिली."

असं मोठ्याने म्हणत कुंदनने रजिस्टरमध्ये नोंद केली आणि दोन पुस्तकं काउंटरवरून पुढे सरकवली. कुंदन हा वाचनालयाचा ग्रंथपाल. तोंडाने बोलल्याशिवाय त्याचा पेन चालत नसे. पलीकडे बाकांवर पेपर वाचत बसलेली म्हातारी मंडळी यावरून त्याला बोलत. पण कौतिक नाना तेवढं ऐकण्यासाठीच जळगावच्या कडेला असलेल्या पिंप्राळ्याहून गावात येत. पुस्तकांशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांनी आयुष्यभर एसटी चालवली होती आणि गाडीच्या वेळापत्रकापलीकडे मन लावून काही वाचलं नव्हतं.

पुष्पाबाईंना जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती.

त्या वाचनालयात स्वतः कधी आल्या नव्हत्या. त्यांचे गुडघे दुखत आणि वाचनालय अठरा पायऱ्यांवर होतं. त्या चिठ्ठी लिहून देत, नाना शनिवारी ती चिठ्ठी न उघडता काउंटरवर ठेवत, आणि कुंदन ती वाचून पुस्तकं काढून देई. त्यामुळे कुंदनने त्यांचं अक्षर पाहिलं होतं, त्यांना पाहिलं नव्हतं. तेराव्याची गंधमुक्ती झाल्यावर घरात राहिलेली दोन पुस्तकं परत करायला नाना गेले. झालेलं सांगायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात कुंदन म्हणाला, "आज चिठ्ठी नाही का? असू द्या. अक्कांना काय लागतं ते मला माहीत आहे." आणि त्याने मोठ्याने नाव घेत नोंद केली. नाना दोन नवी पुस्तकं घेऊन अठरा पायऱ्या उतरले.

त्यांचा मुलगा पुण्याला होता. कामाचा माणूस. पंधरा दिवसांत त्याने आईचं नाव रेशनकार्डातून, बँकेतून, गॅसच्या पुस्तकातून आणि मतदार यादीतून कमी करून घेतलं आणि सगळे कागद एका फाइलीत लावून दिले. वाचनालयाचं त्याच्या लक्षात आलं नाही. नानांनीही ते लक्षात आणून दिलं नाही. त्या महिन्यात ते शनिवारी गेले. पुढच्या महिन्यात बुधवारीही गेले. सहा-सात महिन्यांत ते आठवड्यातून चार वेळा जाऊ लागले. पुष्पाबाई हयात असताना आठवड्याला दोन पुस्तकं वाचत होत्या. आता त्या आठ वाचू लागल्या.

पुस्तकं वाया जात नव्हती. पुष्पाबाईंच्या वेळेपासून पद्धत अशी होती की नानांच्या ओट्यावर पुस्तकं ठेवायची आणि गल्लीतल्या बायकांनी ती आळीपाळीने न्यायची. नऊ घरं, एक कार्ड. ती पद्धत नानांनी मोडली नाही. फक्त आता पुस्तकं इतक्या वेगाने येऊ लागली की बायकांची धांदल उडाली. शेजारच्या कमलबाई मूळच्या धुळ्याकडच्या. एकदा त्यांनी स्पष्टच सांगितलं, "नाना, जरा दम घेऊ द्या. मागलं पुस्तक अजून अर्धं बाकी शे."

हे असं आणखी दहा वर्षं चाललं असतं. पण त्या दिवशी आतल्या खोलीचं दार उघडलं आणि वाचनालयाचे अध्यक्ष प्रेमराज भाऊ हातात कागद घेऊन बाहेर आले.

प्रेमराज भाऊंची सगळी नोकरी एका पाइपच्या कारखान्यात, निर्यात विभागात गेली होती. परदेशी पाठवायचा कागद कसा भरायचा हे जळगावात आपल्याइतकं कोणाला कळत नाही असं त्यांचं मत होतं आणि ते बहुतेक खरं होतं. केरळातल्या कोझिकोड शहराला युनेस्कोने साहित्यनगरी म्हणून मान्यता दिल्याची बातमी त्यांनी वाचली तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं. कार्यकारिणीच्या बैठकीत ते म्हणाले होते की त्यांच्याकडे नारळ आहे, आपल्याकडे केळी आहे. त्यांच्याकडे वाचक आहेत, आपल्याकडेही आहेत. फरक एवढाच की त्यांनी फॉर्म भरला. एका सभासदाने सुचवलं होतं की खाद्यसंस्कृतीसाठीही अशी मान्यता असते म्हणे, तर वांग्याच्या भरतावर अर्ज करावा, लगेच मिळेल. प्रेमराज भाऊ त्या सभासदाशी तेव्हापासून बोलत नव्हते.

अर्जासाठी त्यांनी मागच्या पाच वर्षांची रजिस्टरं घरी नेऊन कोणी किती पुस्तकं वाचली याचा तक्ता केला होता. त्यात एक नाव बाकीच्यांच्या फार वर निघालं होतं.

"पाटील, तुमच्या घरात जळगावची पहिली वाचक आहे, माहीत आहे का तुम्हाला?" त्यांनी कागद नानांसमोर धरला. त्यावर एक रेघ होती. ती तीन वर्षं सरळ चालली होती आणि मग एकदम वर गेली होती. "वर्षाला एकशे चार पुस्तकं वाचणारी बाई गेल्या वर्षभरात चारशे सोळा वाचते. या वयात. कशामुळे वाढलं हो एवढं?"

नानांनी रेघेकडे पाहिलं. रेघ नेमकी कुठून वर गेली आहे हे त्यांना प्रेमराज भाऊंपेक्षा चांगलं समजत होतं.

"आता तिला वेळ असतो," ते म्हणाले.

प्रेमराज भाऊंनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मग त्यांनी पुष्पाबाईंना भेटायची वेळ मागितली. नाना म्हणाले की त्यांना पायऱ्या चढता येत नाहीत. मग आम्ही घरी येतो, असं उत्तर आलं. नाना म्हणाले की त्या हल्ली कोणाशी बोलत नाहीत. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून नानांना ती बोलायला जड गेली नाहीत. खरं सांगितलं तर काय होईल हेही त्यांना दिसत होतं. कुंदन लाल पेन घेईल, चारशे बारावर आडवी रेघ मारील आणि ते नाव उच्चारणारी शेवटची जागा बंद होईल. शेवटी प्रेमराज भाऊंनी बारा प्रश्नांचा छापील कागद दिला आणि सांगितलं की पुष्पाबाईंनी निवांत उत्तरं लिहून द्यावीत, घाई नाही, सोमवारपर्यंत चालेल.

त्या संध्याकाळी नानांनी तो कागद ओट्यावर ठेवला आणि बायकांना जे झालं ते सांगितलं. कमलबाईंनी आधी त्यांना चांगलं सुनावलं. तुमच्या हातून हे कसं काय झालं, लोक काय म्हणतील, पोराला कळलं तर. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं की प्रश्न काय आहेत.

सुनंदाबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. त्यांचं अक्षर चांगलं, म्हणून पेन त्यांच्याकडे गेला. समोरच्या घरातली सून रूपाली ओट्याच्या कडेला येऊन बसली. पहिला प्रश्न होता, आपण कोणत्या वेळी वाचता. कमलबाई म्हणाल्या दुपारी, सुनंदाबाई म्हणाल्या पहाटे, रूपाली म्हणाली सासूबाई भजनाला गेल्यावर. सुनंदाबाईंनी लिहिलं, "पहाटे, दुपारी आणि घर रिकामं झाल्यावर." कोणत्या प्रकारची पुस्तकं आवडतात यावर भांडण झालं. कमलबाईंना खून लागत. खून पहिल्या दहा पानांत झाला नाही तर त्या पुस्तक परत ठेवत. सुनंदाबाईंना संतचरित्रं आवडत. रूपालीने प्रेमकथा म्हणायचं टाळून कौटुंबिक असं सांगितलं. तिन्ही लिहिली गेली. वाचनामुळे आपल्या जीवनात काय बदल झाला, हा नववा प्रश्न.

"स्वयंपाकाले उशीर व्हायला लागला," कमलबाई म्हणाल्या. "लिही. खरं तेच लिही."

मग सुनंदाबाईंनी मान वर करून विचारलं, "पण नाना, पुष्पा अक्कांना स्वतःला काय आवडायचं? एखादं तरी त्यांचं लिहू."

तीस वर्षं नाना तिची पुस्तकं पिशवीतून आणत-नेत होते. तिने काय वाचलं हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. पिशवी जड आहे की हलकी एवढंच त्यांना माहीत असायचं.

"तुम्हीच लिहा काहीतरी," ते म्हणाले आणि आत गेले.

प्रेमराज भाऊंनी उत्तरं वाचली आणि ते खुर्चीतून उठून उभे राहिले. एकाच बाईला खून, संत आणि कुटुंब हे तिन्ही सारखंच जवळचं वाटतं, यालाच साहित्यसंस्कृती म्हणतात, असं ते कुंदनला म्हणाले. तो कागद आणि ती वर गेलेली रेघ त्यांनी पुण्याच्या हेमांगी बाईंना पाठवली. अशा मान्यतेचे अर्ज करायला शहरांना मदत करणं हे हेमांगी बाईंचं काम. त्यांचं दोन दिवसांत उत्तर आलं. अर्जातलं बाकी सगळं ठीकठाक आहे, पण मला या बाईंना भेटायचं आहे, मी पुढच्या रविवारी येते.

आता पुष्पाबाई पाहिजेत. प्रेमराज भाऊंनी आणायला गाडी पाठवतो म्हटल्यावर नानांच्या तोंडून पहिलं खोटं निघालं. पुष्पा सावद्याला बहिणीकडे गेली आहे, असं ते म्हणाले. सावदा त्यांना सुचलं कारण ते लांब वाटलं. आयुष्यभर एसटी चालवलेल्या माणसाला तासाभरावरचं सावदा लांब वाटावं, यावरून त्यांची अवस्था कळावी. प्रेमराज भाऊंच्या मेव्हण्याची सावद्यातच केळीची बाग होती, केळी उत्पादकांच्या हॉलची किल्लीही त्याच्याकडेच असे, आणि बाहेरून आलेल्या पाहुणीला बाग दाखवायची हे तर आधीच ठरलं होतं.

"मग कार्यक्रमच सावद्याला घेऊ," प्रेमराज भाऊ म्हणाले. "त्यांच्या गुडघ्यांना त्रास नको."

त्यांनी बॅनरसाठी फोटो मागितला. घरातल्या भिंतीवरच्या फोटोला हार होता, म्हणून नानांनी मुलाच्या साखरपुड्याच्या अल्बममधला एक काढून दिला. तो देताना त्यांना वाटलं होतं की बॅनर हॉलच्या आत लागेल. गुरुवारी सकाळी त्यांच्या मेहुणीचा, हेमलताचा, सावद्याहून फोन आला.

"भाऊजी, इथे स्टँडवर अक्काचा फोटो लावेल आहे. दहा फुटाचा."

नानांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खाली लिहेल आहे, हार्दिक स्वागत."

"हो."

"अक्का येऊन राहिली का?"

हेमलताचा आवाज शांत होता, म्हणूनच नानांना भीती वाटली. त्यांनी तिला सगळं सांगितलं. रजिस्टर, रेघ, बारा प्रश्न, सगळं. सकाळपासून चार जण तिच्या दारात येऊन गेले होते आणि त्यांना काय सांगावं हे तिला कळत नव्हतं. गंधमुक्तीला जेवून गेलेली माणसं ती. ती चिडली, मग रडली, मग म्हणाली, "मी बी तिचा नंबर फोनातून अजून काढेल नाही." थोड्या वेळाने ती कामाचं बोलली. सावद्याच्या लोकांना मी सांभाळते, जळगावच्या लोकांना तुम्ही गाडीत बसायच्या आधी खरं सांगा.

हेमलताने आपला अर्धा भाग चोख पार पाडला. तिने गावात सांगितलं की जळगावच्या वाचनालयाने अक्काच्या आठवणीसाठी कार्यक्रम ठेवला आहे आणि बॅनर छापणाऱ्याने मजकूर चुकवला. बॅनर छापणारे असं करतात हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे कोणी शंका घेतली नाही.

नानांना आपला अर्धा भाग जमला नाही. रविवारी गाडीत पुढे प्रेमराज भाऊ, मागे हेमांगी बाई, कुंदन आणि नाना. भुसावळच्या अलीकडे नाना म्हणाले, "प्रेमराज भाऊ, एक सांगायचं होतं." प्रेमराज भाऊ म्हणाले की त्यांनाही एक सांगायचं आहे, आणि आपण पहिला कंटेनर बाहेरच्या देशात कसा पाठवला ते फैजपूर येईपर्यंत सांगत राहिले. फैजपूरला नानांनी पुन्हा सुरुवात केली, तर हेमांगी बाईंचा फोन वाजला. फोन संपला तेव्हा सावद्याचं स्टँड आलं आणि पुष्पाबाई दहा फुटांच्या बॅनरवरून हसत होत्या.

हॉल भरलेला होता. दीडशे माणसं, पण कुठे आवाज नाही. पुरुष पांढऱ्या टोप्या घालून पहिल्या रांगांत मांडी घालून बसले होते. बायका एका बाजूला, पदर तोंडाशी धरून. मागच्या भिंतीशी पिंप्राळ्याच्या कमलबाई, सुनंदाबाई आणि रूपाली बसल्या होत्या. आपली उत्तरं वाचली जाणार म्हणून त्या सकाळच्या एसटीने आल्या होत्या. व्यासपीठावर फोटो होता आणि त्याला हेमलताने हार घातला होता. समोर उदबत्ती लावली होती.

प्रेमराज भाऊ हार बघून खूश झाले. सावद्याची माणसं मान द्यायला कमी करत नाहीत, असं ते हेमांगी बाईंच्या कानात म्हणाले. कुंदनने मात्र हाराकडे पाहिलं, उदबत्तीकडे पाहिलं, आणि मग नानांकडे पाहिलं. नानांनी मान खाली घातली.

कार्यक्रम सुरू झाला. प्रेमराज भाऊंनी साहित्यनगरी म्हणजे काय, ती जगात कुठे कुठे आहे आणि जळगाव त्यात का बसतं हे सांगितलं. टाळी पडली नाही. कुंदनला पुष्पाबाईंची उत्तरं वाचायला सांगितली. तो हळू आवाजात वाचत होता. "वाचनामुळे आपल्या जीवनात काय बदल झाला? स्वयंपाकाला उशीर होऊ लागला." कोणी हसलं नाही. एका म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. हेमांगी बाई भराभर लिहून घेत होत्या. इतकं मन लावून ऐकणारे लोक मी कुठल्याच शहरात पाहिले नाहीत, असं त्यांनी प्रेमराज भाऊंना सांगितलं. त्यामुळे प्रेमराज भाऊंचा उत्साह वाढला आणि ते पुन्हा माइकसमोर गेले.

"आपण सगळे ज्यांची वाट पाहतो आहोत," ते म्हणाले, "त्या पुष्पाबाई अजून पोचलेल्या नाहीत. पण त्या कोणत्याही क्षणी इथे येतील. आणि स्वतः आपल्याशी बोलतील."

हॉलमध्ये पहिल्यांदाच हालचाल झाली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली आणि परत घातली. दाराशी बसलेल्या दोन बायका उठल्या आणि वाट मोकळी करून आत भिंतीकडे सरकल्या. हेमलताने नानांकडे असं पाहिलं की ते उठूनच उभे राहिले.

नानांनी माइक घेतला. आयुष्यात त्यांनी माइक धरला नव्हता.

"पुष्पा येणार नाही," ते म्हणाले. "ती मागच्या वर्षीच्या पौषात वारली. सावद्याच्या लोकांना माहीत आहे. जळगावच्या लोकांना मी सांगितलं नाही. ती पुस्तकं मी नेत होतो. मला वाचायची नव्हती. हा कुंदन लिहिताना तिचं नाव मोठ्याने घेतो, ते ऐकायला मी जात होतो. सुरुवातीला शनिवारी जायचो. मग शनिवार लवकर येईना. एवढंच आहे. नाव काढायचं असेल तर काढा."

ते खाली बसले. प्रेमराज भाऊ माइकजवळच उभे होते, त्यामुळे त्यांनी स्वतःशी म्हटलेलं सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"मग ती चारशे सोळा पुस्तकं?"

हेमांगी बाईंनी पेन थांबवला होता. त्यांनी नानांना विचारलं की ती वाचली कोणी, की कोणीच नाही.

उत्तर मागच्या भिंतीकडून आलं. "बठ्ठी आम्ही वाचेल शेतस, सगळीच्या सगळी," कमलबाई उभ्या राहून म्हणाल्या. "खोटं वाटत असेल तर कुठलंबी विचारा. खून कोणी केला ते सांगते."

"ती खुनाची सोडून," रूपाली बसल्या बसल्या म्हणाली. "ती आमच्यापर्यंत येतच नाहीत. कमलबाई सोडत नाहीत."

सुनंदाबाईंनी तिला कोपराने डिवचलं. पण पुढच्या रांगेतला टोपीवाला म्हातारा हसला, मग हेमलता हसली, आणि कार्यक्रम कशाचा आहे हे नक्की नसल्यामुळे अडकून बसलेली सगळी माणसं एकदम मोकळी झाली.

हेमांगी बाईंनी कमलबाईंना पुढे बोलावलं आणि अर्धा तास प्रश्न विचारले. किती घरं, किती बायका, पुस्तक कोणाकडून कोणाकडे जातं, भांडण झालं तर कोण मिटवतं. नऊ घरं, अकरा बायका. मग त्या प्रेमराज भाऊंना म्हणाल्या, "एका कार्डावर अकरा वाचक. हे तुम्ही अर्जात कुठेच लिहिलं नाही."

हे ऐकल्यावर प्रेमराज भाऊंनी खिशातून पेन काढला आणि कार्यक्रमपत्रिकेच्या मागे गुणाकार केला. चार हजार शंभर सभासद गुणिले अकरा. पंचेचाळीस हजार शंभर. म्हणजे जळगावात दहा माणसांमागे एक वाचक. त्यांचा चेहरा हळूहळू पूर्ववत झाला. हेमांगी बाईंनी सांगितलं की सगळ्या गल्ल्यांत असं होत असेलच असं नाही. होत असेलच, प्रेमराज भाऊ म्हणाले, जळगावला ओळखत नाही तुम्ही.

जेवण तिथेच होतं. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. आधी गंधमुक्तीला जेवलेली माणसं पुन्हा त्याच बाईच्या नावाने जेवली आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. कुंदन पत्रावळ घेऊन नानांच्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ तो नुसती बट्टी चुरत होता.

"पावणेदोन वर्षं मी त्यांच्यासाठी पुस्तकं बाजूला काढून ठेवत होतो," तो शेवटी म्हणाला. "नवीन आलं की आधी त्यांचं. एकदा अध्यक्षांनी मागितलेलं दिलं नाही मी."

मग ज्याचं उत्तर तीस वर्षं घरात असून घेतलं नव्हतं ते नानांनी विचारलं. "तिला काय आवडायचं?"

"प्रवासाची," कुंदन लगेच म्हणाला. "हिमालय, समुद्र, कुठलंही चालायचं. आणि चिठ्ठीत लिहायच्या, शेवटी बाई मरत असेल तर ते पुस्तक पाठवू नका."

नानांनी घास खाली ठेवला. त्यांनी अर्धा महाराष्ट्र स्टेअरिंगमागून पाहिला होता आणि घरी आल्यावर रस्ता खराब होता एवढंच सांगितलं होतं.

"आणखी काय लिहायची?"

"तुमच्याबद्दल असायचं. हे घाईत असतील, यांना थांबवू नका, पुस्तकं पटकन द्या." कुंदनने त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणून मी कधी बोलायला थांबवलं नाही तुम्हाला."

"आता घाई नाही," नाना म्हणाले.

पुढच्या शनिवारी कार्यकारिणीची बैठक झाली. नाना बाहेर काउंटरपाशी उभे होते. आत आपल्या बायकोच्या नावाचं काय चाललं आहे हे त्यांना माहीत होतं. नियम पुस्तकात स्पष्ट होता. सभासद मृत झाल्यास त्याचं नाव कमी करावं. तासाभराने प्रेमराज भाऊ बाहेर आले. त्यांच्या हातात ठरावाचा कागद होता आणि चेहऱ्यावर निर्यात विभागाचा भाव होता.

त्यांनी समजावून सांगितलं की अर्जाचा मुख्य पुरावा म्हणजे चारशे बारा नंबरचं कार्ड आणि त्यावरच्या अकरा बायका. कार्ड बंद केलं तर पुरावा जातो. मालाची नोंद एकदा कागदावर गेली की माल पोचेपर्यंत तिला हात लावायचा नसतो. म्हणून बैठकीत एकमताने ठरलं आहे की अर्जाचा निकाल लागेपर्यंत हे नाव कमी करता येणार नाही. शिवाय आकडा खाली येता कामा नये. रेघ आहे तिथून पुढे वरच गेली पाहिजे.

"तेव्हा पाटील, आठवड्यातून चार वेळा यावंच लागेल," ते करड्या आवाजात म्हणाले. "यात सवलत मिळणार नाही. कार्यकारिणीचा निर्णय आहे."

नानांनी मान हलवली. मग त्यांनी जरा चाचरत विचारलं की निकाल लागायला किती दिवस लागतात. प्रेमराज भाऊ म्हणाले की सांगता येत नाही. आधी दिल्ली, मग परदेश. पहिल्या वेळी मिळतंच असं नाही. काही शहरांनी म्हणे तीन-तीन वेळा अर्ज केले, प्रत्येक वेळी दोन-चार वर्षं गेली. पण आपण सोडायचं नाही.

"नाही सोडायचं," नाना म्हणाले.

कुंदनने रजिस्टर उघडलं, पेन घेतला आणि नोंद केली. पलीकडच्या बाकावरून कोणीतरी हळू बोला म्हणून ओरडलं. त्याने आवाज थोडा वाढवला. नाना पुस्तकं घेऊन पायऱ्या उतरले. त्यातलं एक लडाखबद्दल होतं आणि ते ओट्यावर ठेवायच्या आधी दोन-चार पानं आपणच चाळावीत असं त्यांनी ठरवलं होतं. दारात नवा फलक लावायचं काम चाललं होतं, जळगाव साहित्यनगरी होणार म्हणून. आल्यागेल्याला प्रेमराज भाऊ सांगत होते की फार तर एक वर्ष. सगळ्या गावाला वाटत होतं की मान्यता लवकर मिळावी. नानांनाही जळगावचा अभिमान होता. फक्त एवढी घाई कशाला, असं त्यांना वाटत होतं.